अर्धा किलो साखर

—तर मग मोठ्यानं बोला की, प्रयागमावशी. शेळगावात पारावर सांगताना आवाज बारीक नव्हता, मग हितं इंदापुरात आमच्याच बेकरीच्या दारात कशाला बारीक करताय? म्हणा, माझ्या अब्बांनी, बादशाहभाईनं साखर मारली. ही मागं डबे घेऊन उभी हायत ना, ह्यांनी ऐकलंयच सगळ्यांनी. सकाळपासनं तुमच्या शेळगावची चार घरं आपापला मैदा, आपापलं तूप, आपापली साखर जशीच्या तशी उचलून गेली. घरीच भाजू म्हणाली, कुकरमधी वाळू घालून. भाजू द्या. करपली की येतील. — न्हाय, हसत न्हाय मी. मला कुठलं हसू येतंय? बसा तुमी. त्या स्टुलावर बसा, उजवा गुडघा दुखतोय ना तुमचा. — कुणी सांगितलं म्हंजे? कुणी न्हाय. चालताना दिसतं की माणसाला. बसा.

अब्बा बाहेर येणार न्हायत. आत भट्टीपाशी बसलेत. परवापासनं माझ्याशी बोलत न्हायत, काय सांगायचं ते अम्मीला सांगतेत आन् अम्मी मला सांगती, एकाच घरात, एकाच ताटावर बसून. तुमी परवा नानकटाईचा डबा परत घेऊन आलात, वजन करा म्हणालात, आन् काटा पाच किलोवर थांबला, तवा अब्बांनी काय केलं ते बघितलंत ना तुमी? भट्टीच्या तोंडाशी हात नेला आन् म्हणाले, ह्या इस्तवाची शपथ, ताई, तुझ्या घरची चिमूटभर साखर माझ्या घरात न्हाय. तुमी तरीबी मान हलवलीत. तुमचं चुकलं असं न्हाय म्हणत मी. कसा ठेवावा इश्वास? आमचा धंदाच तसला — दिवाळी आली की सामान तुमचं, मैदा तुमचा, डालडा तुमचा, कारखान्याच्या शेअरवर मिळालेली साखर तुमची, आन् हात तेवढे आमचे. दळायचं, मळायचं, भाजायचं, मजुरी घ्यायची. दोन दोन किलो तिन्ही जिन्नस दिले की साडेपाच किलोच्या आसपास नानकटाई घरी गेली पायजे, हे शेंबडं पोरगंबी सांगंल. आजोबांच्या येळेपासनं कुणाची कमी भरली न्हाय. ह्या साली तुमची भरली. आन् ती माझ्यामुळं — म्हंजे, काट्यावर मी होते ना त्या दिवशी. त्या अर्थानं.

मी काय म्हणते, ऐका. अर्ध्या किलोच्या जागी एक किलो भरून घ्या. आत्ता, तुमच्या समोर मळते. — नको? बरं, तुमच्या डब्यातली काढून सगळीच नवीन करून देते, घरचं सामान घालून. — तेबी नको. मग काय पायजे तुमाला? साखर कुठं गेली, एवढंच? एवढ्यासाठी एसटीनं आलात व्हय, सणासुदीचं घरातलं टाकून? मावशी, मी तुमच्या पाया पडते, ह्या लोकांकडं तोंड करा आन् एक वाक्य म्हणा. हिशेब मिटला म्हणा. त्यात तुमचं काय जात न्हाय, आन् माझं सगळं अडकलंय त्याच्यात.

काय अडकलंय? सांगते. मी हितं गल्ल्यावर बसणारी न्हाय. माझा भाऊ बसायचा, सोहेल. तो पुण्याला गेला, मोठ्या केकच्या दुकानात, म्हणून दिवाळीपुरती रजा काढून मी हितं. मी बारामतीला असते, दवाखान्यात. नर्स न्हाय. सगळी नर्सच म्हणतेत. डाएटिशियनचं शिकते — म्हंजे आजारी माणसानं काय खायचं, किती खायचं, ते सांगायचं. हां, आता तुमी म्हणाल त्याला कशाला शिकाय पायजे, आमच्या सासूला सगळं येत होतं. आमच्या मामीबी तेच म्हणल्या. परीक्षा झाली माझी, आता सहा महिने दवाखान्यात काम करायचं, इंटर्नशिप म्हणतेत, ते झालं की हातात कागद. रोज पहाटं एसटी धरते इंदापुरातनं, वॉर्डात फिरते. कुणाला मीठ बंद, कुणाला पातळ, कुणाच्या नाकातनं नळी. किचनमधी जाऊन बघायचं की बिनमिठाची भाजी बिनमिठाचीच हाय का. पेशंट शिव्या देतेत. एक आजी तर म्हणली, तुझ्या हातचं खाऊन मरण्यापेक्षा घरी जाऊन मरते. — हसला का न्हाय? हसा की जरा.

तर सोमवारी मला तितं हजर व्हायचंय. न्हाय झाले तर नाव कमी करणार. आमच्या मनिषा मॅडम चांगल्या हायत, दोनदा सांभाळून घेतलं त्यांनी — एकदा अब्बांना टायफॉईड झाला तवा, एकदा सोहेल पुण्याला गेला तवा — पण आता त्याबी म्हणाल्या, अंजुम, मी किती वेळा शब्द टाकू? आन् अब्बा म्हणतेत, म्हंजे अम्मी म्हणती की अब्बा म्हणतेत — शेळगावचा इश्वास हिच्या हातानं गेला, हिच्या हातानं परत आला तर जाईल ही बारामतीला, न्हायतर गल्ला हाय आन् ही हाय. ह्या काउंटरच्या आत दोन पावलं जागा हाय, मावशी. मागं भट्टीचं तोंड, पुढं तुमी. दोन दिवस मी हितं उभी हाय आन् माझ्याकडं चोर म्हणून बघत लोक पाव घेतेत.

— हिच्या हातानं का म्हणतेत? व्हय. ते — तुमी लक्ष देऊन ऐकता, मावशी.

बरं. सांगते. अब्बांना म्हाईत नव्हतं, शपथ घेतली तवा त्यांना खरंच म्हाईत नव्हतं, एवढं आधी डोक्यात ठेवा. माणूस खोटी शपथ घेणारा न्हाय. तुमी गेल्यावर त्यांनी काट्यामागची फडकी उचलली आन् तितं पिशवी होती. तुमची साखर. अर्धा किलो. कारखान्याची, जाड दाण्याची. ती मी काढून ठेवलेली. — अवो थांबा, उठू नका! चोरली न्हाय! चोरायची असती तर काट्यामागं ठेवली असती का? पोत्यात वतली असती, कुणाच्या बापाला कळलं असतं? परत द्यायची होती मला. डब्याच्या झाकणावर बांधून देणार होते, म्हणणार होते, मावशी, एवढी उरली. पण उरली कशी, तुमी इचारलं असतं. आन् मग मी काय सांगणार? म्हणून ठेवली. आज देऊ, उद्या देऊ करत ऱ्हायली. कमी टाकली साखर, एवढंच. गोड खाणं चांगलं न्हाय, मावशी, आजकाल घरोघरी शुगर हाय, मी तेच शिकते रोज, म्हणून मला वाटलं थोडी कमी टाकावी. सगळ्यांच्याच भल्याचं. चवीत फरक पडला का? पोरांनी काय म्हटलं? तुमच्या नातीनं, श्रेयानं तरी —

— व्हय. बरोबर हाय तुमचं. शेजारच्या भागूबाईची बरोबर भरली. गेणबांची बरोबर भरली. सगळ्या गावाची बरोबर भरली.

मग एकट्या तुमच्याच घाण्यात का? तसं काय न्हाय. तुमचा डबा पुढं होता म्हणून. तुमचे मालक, तात्या घेऊन आले होते ना डबा, सकाळी, मोटारसायकलवर. त्यांनी हितं ठेवला, मी नंबर दिला, ते गेले. आमचं काय बोलणं झालं न्हाय. बोलायचं काय? वळख न्हाय आमची. मी तात्यांना त्या दिवशी पयल्यांदा बघितलं. तुमचा डबा नुसता पुढं होता, आन् माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. का नव्हतं? — एका पेशंटमुळं. तुमचा काय संबंध न्हाय त्याच्याशी, लांबचा माणूस हाय, तिकडं सुप्याकडचा. नाव मी सांगणार न्हाय. सांगायचं नसतं, तो आमचा पयला नियम हाय: ओपीडीतलं ओपीडीत. मॅडम म्हणतेत, डाएट चार्ट चुकला तर दुरुस्त करता येतो, तोंड चुकलं तर माणूस परत येत न्हाय. नाव न सांगता सांगते. मग तुमाला कळंल की मी चोर न्हाय, येडी हाय फक्त.

आमाला प्रत्येकीला एक पेशंट देतेत, शेवटपर्यंत सांभाळायला. त्याची शुगर खाली आली, त्याचं खाणं सुधारलं, की मॅडमच्या पुढं उभं राहून ते सांगायचं. मला हा बाबा मिळाला. बाजाराला म्हणून येतो बारामतीला, मफलर गुंडाळून, आन् ओपीडीत अशा कोपऱ्यात बसतो की जसा काय गुत्त्यावर आलाय. आमी पयल्यांदा काय इचारतो, काल सकाळपासनं काय काय खाल्लं. ह्यानं सांगितलं, काय न्हाय, नेहमीचंच. नेहमीचं म्हंजे? भाकरी. किती? असतेत दोन-तीन. आन् चहा? येतो मधनंअधनं. साखर किती चमचे? तर म्हणला कसा — पोरी, आमच्या घरात साखर चमच्यानं घालत न्हायत, आमची मालकीण म्हणती, साखर मोजली की घरातली लक्षीमी चप्पल घालती. मी हसले. मॅडमबी हसल्या. पण शुगर बघितली आन् हसू गेलं.

त्यांना सांगितलं, आजोबा, घरच्यांना घेऊन या, सैपाक कोण करतं त्यांच्याशी बोलू द्या मला. तर हात जोडले त्यांनी. एवढा मोठा माणूस. म्हणले, घरात कळता कामा न्हाय. का? तर म्हणले, पोरगं टपलंय. कळलं की म्हणंल, आता तुमी बसा, रात्रीच्या पाण्याला जाऊ नका, कारभार मी बघतो. माझ्या थोरल्या भावाला असंच बसवलं खाटंवर, शुगर हाय म्हणून. पाय गेला, मग उठलाच न्हाय. आन् बायकोला कळलं तर रडंल, आन् रडत रडत शिरा करून घालंल. असं म्हणले. — मी म्हटलं, मग मी काय करू? मी तुमाला कागदावर लिहून दीन, दोन भाकरीऐवजी एक, भाताऐवजी उसळ, पण ताट वाढणारं माणूस दुसरंच हाय, आन् त्याला सांगायचं न्हाय. चार्ट काढला मी. त्यांनी घडी घालून चपलीत ठेवला, घरी पोचायच्या आधी पुलावर फाडून टाकला. पुढच्या येळंला स्वतःच सांगितलं मला, हसत हसत. शुगर तेवढीच. उलट वाढलेली.

तुमी शिकवता का कुणाला काय, मावशी? न्हाय, पण सैपाक शिकवला असंल ना सुनंला. तुमी सगळं सांगायचं आन् तिनं चुलीकडं हात न्यायचाच न्हाय, तर कसं वाटंल? तसं माझं. तीन महिने. त्या माणसाच्या ताटापर्यंत माझा हातच पोचत न्हाय. आन् मग एक दिवस सकाळी मी गल्ल्यावर उभी हाय आन् समोर डबा — म्हंजे कुणाचातरी डबा. मनात आलं, हितं तरी पोचतो हात. येडेपणा हाय, मला कळतं. अर्धा किलो साखर पाच किलोत पसरली तर कुणाचं काय भलं होणार? मैद्याचं काय? डालड्याचं काय? मॅडमना सांगितलं तर डोक्याला हात लावतील. पण त्या येळंला मला वाटलं, औषध घेतो म्हणतो तर घेतोबी का न्हाय कोण जाणे, गोळ्या घरात ठेवत न्हाय, हिरीवर मोटारीच्या पेटीत ठेवतो, स्टार्टरच्या मागं, वर पान-तंबाखूची जुनी चंची टाकून —

काय झालं?

पाणी देऊ? — मग असं का बघताय? सगळीच ठेवतेत की मोटारीच्या पेटीत कायबाय. शेतकऱ्याची ती तिजोरीच असती. — काय? तुमी बघितल्यात? कुठल्या गोळ्या बघितल्यात? — पित्ताच्या म्हणून सांगितलं होतं त्यांनी? — त्यांनी म्हंजे कुणी? मी कुणाचं नाव घेतलं, मावशी? मी सुप्याकडचा म्हटलं. शेळगावचा म्हटलं का? सगळ्यांनी ऐकलंय, मी सुप्याकडचा म्हटलं. चंची तर सगळ्यांकडंच असती. लाल दोऱ्याची? मी दोऱ्याचं काय बोलले न्हाय. दोरा मला म्हाईत न्हाय. थोरला भाऊ कुणाचाबी जातो. मालकीण सगळ्यांचीच तसलं बोलती — तुमी कधी तसं म्हटलं असंल, लक्षीमी चप्पल घालती म्हणून, तर ती म्हण असंल. असंल की म्हण. आमच्या अम्मीलाबी — न्हाय, अम्मीला न्हाय म्हाईत. पण असंल.

मावशी, रडू नका. हितं नका रडू. लोक बघायलेत. त्यांना वाटंल मी तुमाला कायतरी बोलले. — मी काय बोलले न्हाय. अल्लाची शपथ, मी काय —

उठू नका. कुठं निघालात? डबा ऱ्हायला. — तिकडं तोंड करून काय सांगताय? थांबा, मावशी —

हे काय बोललात?

दीड किलोच आणली होती म्हणून सांगितलंत. माझंच मोजमाप चुकलं म्हणालात, बादशाहभाईचा काय दोष न्हाय, शेळगावात जाऊन मी स्वतः सांगते म्हणालात. एवढ्या माणसांत. — खोटं बोललात. दोन किलो होती. दोन किलो भरून माझ्या हातानं घेतली मी. हिशेब मिटला एवढंच म्हणायचं होतं तुमी, तर सगळं स्वतःवर घेतलंत. मघाशी हेच मागत होते ना मी तुमच्याकडं, पाया पडून? आता ते मिळालं आन् मला ते हातात धरवत न्हाय. ऐकलं का, आतनं अब्बांनी हाक मारली? अंजुम म्हणाले. दोन दिवसांनी. बघा, बाहेर आले, हात पिठाचे तसेच. सोमवारचं काय ते बघ म्हणतेत, मी बसतो गल्ल्यावर. जी अब्बा. — जी.

मंगळवारी त्यांची तारीख असती. मफलर घालून येतील, कोपऱ्यात बसतील. मला म्हणतील, काय पोरी, घरी कळलं न्हाय ना अजून?

मावशी, तुमी तात्यांना — त्यांना कुणालाच काय म्हणू नका. भांडू नका. पोराला सांगू नका, ऐकताय ना? मी तुमाला काय सांगितलं न्हाय, आन् तुमी काय ऐकलं न्हाय. तुमाला जर चंची दिसली असंल तर ती तुमची तुमाला दिसली. माझ्याकडनं काय न्हाय. — एवढ्या जवळ येऊन हळू काय इचारताय?

काय घालू?

कुणाला, मावशी? — मी कुणाला वळखत न्हाय. — न्हाय, रागावून न्हाय बोलत मी. मला इचारू नका हे. तीन महिने मी वाट बघितली की त्या घरातनं कुणीतरी बाई यावी, माझ्यासमोर बसावी आन् हेच इचारावं, काय घालू म्हणून. पाठ करून ठेवलंय मी सगळं, झोपेत सांगीन — सकाळी दूध बिनसाखरेचं, ज्वारीची एकच भाकर, लहान न्हाय, मध्यम, आन् तिच्या आधी काकडीची —

न्हाय.

मला काय म्हाईत न्हाय. पेशंट स्वतः घेऊन आला तुमाला तर बोलीन, तवर एक शब्द न्हाय. ते आणणार न्हायत? मग न्हाय. मी काय करू? — धरू नका माझा हात. पीठ लागंल पदराला. मागं गर्दी झालीय, अब्बा बघायलेत. डबा उचला. तुमची एसटी लागली असंल.

जावा, मावशी. जावा म्हणते ना.